ग्नोम डेस्कटॉपचा वाद : वापरणारे आणि घडविणारे (१९९७–२०१७)

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची गती, त्यांची स्मृती आणि ती निर्माण करणाऱ्या कंपन्यांचा उत्कर्ष यांचीच चर्चा सामान्यतः अधिक होते. पडद्यावरील खिडक्या, बटणे व मेनू यांची रचना हा विषय गौण समजला जातो. वस्तुतः नित्य काम करणाऱ्या माणसाचा संबंध येतो तो याच रचनेशी. ती बदलली की वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला लागलेले वळण एका दिवसात निरुपयोगी ठरते. हा बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ‘ग्नोम’ या डेस्कटॉपच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे उपस्थित झालेला दिसतो.

ग्नोमचा आरंभ ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी केला. त्यामागील प्रेरणा सौंदर्याची वा सोयीची नव्हती, परवान्याची होती. आदल्या वर्षी सुरू झालेला ‘केडीई’ हा डेस्कटॉप ‘क्यूटी’ या लायब्ररीवर उभा होता आणि तिचा परवाना त्या काळी मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीस उतरत नव्हता. सोर्स कोड वाचण्याचा, बदलण्याचा व बदललेला इतरांस देण्याचा हक्क वापरणाऱ्यास असला पाहिजे, हे ग्नोमचे मूलतत्त्व होय. पुढील वादात याच तत्त्वाची कसोटी लागली.

प्रारंभीच्या आवृत्त्यांत पर्यायांची रेलचेल होती. प्रत्येक कर्त्याने आपल्या आवडीची एक सोय घालावी आणि ती नको असणाऱ्यासाठी ती बंद करण्याचे एक बटण ठेवावे, असा क्रम होता. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना समोर बसवून ग्नोमची चाचणी घेतली व तिचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढील वर्षी आलेल्या ग्नोम २ मध्ये पर्यायांची मोठी छाटणी झाली आणि रचनेचे लिखित नियमही त्याच वर्षी तयार झाले. हॅवॉक पेनिंग्टन यांनी या धोरणाचे समर्थन असे केले की, कोणताही पर्याय फुकट नसतो. पर्याय वाढले की त्यांच्या परस्पर संयोगांची संख्या झपाट्याने वाढते, सर्व संयोगांची चाचणी अशक्य होते, दोष दडून राहतात आणि जो पर्याय खरोखर हवा तो गर्दीत सापडत नाही. हा युक्तिवाद सहज खोडून काढण्यासारखा नव्हता.

तथापि, काय राखावे व काय वगळावे याचा निर्णय कर्त्यांच्याच हाती राहिला. २००४ च्या २.६ या आवृत्तीत प्रत्येक फोल्डर स्वतंत्र खिडकीत उघडू लागला. प्रत्येक वस्तूला पडद्यावर आपले निश्चित स्थान असावे, ही त्यामागील कल्पना होती. परंतु खोलवरच्या फोल्डरापर्यंत जाणाऱ्यापुढे खिडक्यांचा ढीग साचे. ही मूळ योजना २०१० मध्ये मागे घेण्यात आली. दरम्यान २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या छाटणीवर कठोर टीका करून लोकांना केडीई वापरण्याचा उघड सल्ला दिला होता.

वादाचा कळस झाला तो एप्रिल २०११ मध्ये, ग्नोम ३ प्रसिद्ध झाल्यावर. या आवृत्तीत खिडक्यांची यादी दाखविणारी पट्टी गेली. खिडकीवरील मिनिमाइज व मॅक्सिमाइज ही बटणे गेली. संगणक बंद करण्याचा पर्याय दिसण्यासाठी आल्ट कळ दाबून धरावी लागे. कर्त्यांची भूमिका निराधार नव्हती. पट्टीच नसेल तर लहान केलेली खिडकी जाणार कोठे, हा त्यांचा प्रश्न तर्कशुद्धच होता. परंतु पट्टी का नसावी, या वापरणाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. टोरवाल्ड्स स्वतः त्या वर्षी काही काळ ‘एक्सएफसीई’कडे वळले.

येथे परवान्यातील हक्क कामास आला. ग्नोम २ चा सोर्स कोड घेऊन २०११ मध्येच ‘माते’ हा डेस्कटॉप सुरू झाला. त्याचा आरंभ करणारा अर्जेंटिनातील एक वापरकर्ताच होता. लिनक्स मिंटने ग्नोम ३ च्याच पायावर जुन्या वळणाचा ‘सिनॅमन’ उभा केला. मूळ प्रकल्पानेही २०१३ च्या ३.८ आवृत्तीत पट्टी व मेनू असलेले ‘क्लासिक’ रूप दिले आणि २०१४ मध्ये रेड हॅटने आपल्या व्यावसायिक लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत तेच प्रथमदर्शनी ठेवले. उबुंटूने २०११ मध्ये आपली ‘युनिटी’ ही निराळी रचना स्वीकारली होती. ती सोडून २०१७ मध्ये ते ग्नोमकडे परतले, पण सदैव दिसणारी पट्टी व ती दोन्ही बटणे जोडूनच.

या घटनांवरून कर्त्यांचा पराभव झाला असे म्हणणे एकांगी होईल. तक्रार करणारे मूठभर जाणकार असून मौन पाळणारे बहुसंख्य आपल्या बाजूचे आहेत, असे कर्ते मानीत. तर तक्रारदार स्वतःस सर्वांचे प्रतिनिधी समजत. मौन हा कोणत्याच पक्षाचा पुरावा नव्हे. शिवाय जुने जतन करण्यासही अखंड श्रम लागतात. ग्नोम ज्या जीटीके लायब्ररीवर उभा आहे तिची दुसरी आवृत्ती मागे पडताच ‘माते’च्या कर्त्यांना आपला कोड तिसऱ्या आवृत्तीवर न्यावा लागला, ते काम २०१७ मध्ये पूर्ण झाले. जे होते तेच राखण्यासाठी त्यांना सहा वर्षे राबावे लागले.

तुलनेसाठी विंडोजचे उदाहरण उपयुक्त आहे. २०१२ च्या विंडोज ८ मधून स्टार्ट बटण नाहीसे झाले. ते पुढील वर्षी परत आले आणि त्याचा मेनू २०१५ मध्ये. मधल्या काळात वापरणाऱ्यांच्या हाती तक्रार करणे किंवा जुन्या आवृत्तीस चिकटून राहणे एवढेच होते; ती आवृत्ती स्वतः पुढे चालविण्याचा हक्क त्यांना नव्हता. ग्नोमच्या वापरणाऱ्यांना तो होता. परंतु तो बजावण्यासाठी त्यांच्यापैकी कोणालातरी स्वतः कर्ता व्हावे लागले, आणि कर्ता होताच काय राखावे व काय वगळावे हा जुना प्रश्न त्याच्याही दारी आला. परवान्याने वापरणाऱ्यास निघून जाण्याचे स्वातंत्र्य दिले. जेथे आहे तेथे राहून निर्णयात वाटा मिळविण्याचे साधन मात्र त्यात नव्हते. ग्नोमच्या वीस वर्षांच्या वादाचे मर्म या उणिवेत आहे.