नियोजनबद्ध क्रीडा-प्रशिक्षण

ठरलेल्या तारखेला ठरलेली कामगिरी करता यावी, यासाठी व्यायामाचे प्रमाण, वेग, क्रम आणि विश्रांती यांची आगाऊ आखणी करून केलेली शारीरिक तयारी. कष्ट अशा आखीव तयारीत आणि नुसत्या कसून केलेल्या व्यायामात, दोन्हीकडे असतात. आखीव तयारीत आजचा व्यायाम कालच्या व्यायामावरून आणि पुढच्या महिन्याच्या गरजेवरून ठरतो. नुसत्या कसून केलेल्या व्यायामात तो त्या सकाळच्या उमेदीवर, सोबत्याच्या ईर्ष्येवर किंवा काल बुडालेल्या दिवसाच्या रुखरुखीवर ठरतो. पहिले काही आठवडे दोघांत फारसा फरक दिसत नाही, कारण नवख्या शरीराला कोणताही व्यायाम लागू पडतो. फरक कळतो तो प्रगती अडल्यावर.

ती अडते याचे कारण शरीराच्या स्वभावातच आहे. व्यायाम करताना बळ वाढत नाही, खर्च होते. वाढते ते नंतरच्या झोपेत, आहारात आणि विश्रांतीत. तोच ताण रोज दिला तर शरीर त्याला सरावते आणि पुढे जायचे थांबते. झीज भरून येण्याआधीच पुन्हा पुन्हा दिला तर खचते. हान्स सेली यांनी मॉन्ट्रियल येथे उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून १९३६ मध्ये ताणाला मिळणाऱ्या प्रतिसादाच्या तीन अवस्था मांडल्या : धक्का, प्रतिकार आणि अखेर थकून कोसळणे. पुढे प्रशिक्षकांनी हा सिद्धांत आपल्या शास्त्राचा पाया म्हणून उचलला. त्या उंदरांच्या वाट्याला अतिरेकी व्यायामाबरोबरच कडाक्याची थंडी, शस्त्रक्रियेच्या जखमा आणि औषधांची विषबाधाही आली होती. तेव्हा तेथून थेट धावपटूच्या वेळापत्रकाकडे येणे ही जरा लांबच उडी होती.

आखणी म्हणजे नेमके काय, हे ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर यांच्या उदाहरणावरून चांगले समजते. १९५३-५४ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेणारे बॅनिस्टर, ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांच्यासोबत ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या धावत. दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटांची उसंत असे. अशा चार फेऱ्या म्हणजे एक मैल. मैल चार मिनिटांच्या आत धावायचा तर प्रत्येक फेरी सरासरी ६० सेकंदांच्या आत व्हायला हवी. महिन्यामहिन्याने वेग वाढवत हे तिघे एप्रिलपर्यंत ६१ सेकंदांवर आले आणि तेथेच अडले. काही केल्या तो एक सेकंद कमी होईना. तेव्हा आणखी जोर लावण्याऐवजी बॅनिस्टर आणि ब्रॅशर गाडी काढून स्कॉटलंडला ग्लेन्कोच्या कड्यांवर चढाईला निघून गेले. परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत झाल्या. शर्यतीआधीचे काही दिवस बॅनिस्टर यांनी पूर्ण विश्रांती घेतली आणि ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला.

न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे बुटांच्या कारखान्यात काम करणारे धावपटू. त्यांनी स्वतःच्या पायांवर प्रयोग करून टप्प्यांचा क्रम बसवला : आधी बरेच आठवडे बेताच्या वेगाने लांब धावणे, मग चढांवरचा सराव, मग मैदानावरच्या वेगवान फेऱ्या आणि शेवटी मेहनत कमी करून ताजेतवाने होणे. त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांची शर्यत ८०० मीटरची, दोन मिनिटांत संपणारी. तरी लिडियार्ड त्यांना आठवड्याला सुमारे १६० किमी. धावायला लावत. इतर प्रशिक्षकांना हा वेडेपणा वाटे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि लिडियार्ड यांचेच शिष्य मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्याच दशकात सोव्हिएत अभ्यासक लेव मात्वेयेव्ह यांनी तयारी, स्पर्धा आणि संक्रमण अशा कालखंडांत वर्षाची विभागणी करून या विषयाला पाठ्यपुस्तकी रूप दिले.

आखणीचाही अतिरेक होतो, आणि ही तक्रार जुनी आहे. ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटस याने व्यायामशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्या काळच्या चार दिवसांच्या चक्राची खिल्ली उडवली आहे : पहिला दिवस तयारीचा, दुसरा कसून मेहनतीचा, तिसरा विसाव्याचा, चौथा मध्यम. त्याने दिलेल्या उदाहरणातला गेरेनस नावाचा मल्ल ऑलिंपिया जिंकल्यावर मित्रांबरोबर मद्य प्याला आणि दुसऱ्या दिवशी तब्येत बिघडल्याचे त्याने प्रशिक्षकाला सांगितले. चक्र मोडले म्हणून चिडलेल्या प्रशिक्षकाने त्याच्याकडून ठरलेला व्यायाम करून घेतला. त्यात मल्लाचा जीव गेला. आधुनिक काळात क्रीडा-अभ्यासक जॉन कायली यांनी २०१२ मध्ये असाच आक्षेप शास्त्रीय भाषेत घेतला : माणसे एकाच ताणाला निरनिराळा प्रतिसाद देतात, मग महिनोन्‌महिने आधी आखलेला तक्ता सर्वांना कसा लागू पडेल? वजन उचलण्यावरील अभ्यासांतही आखीव पद्धतीचा फायदा मुख्यतः ताकदीत दिसतो. एकूण मेहनत सारखी ठेवली तर स्नायूंच्या आकारात विशेष फरक पडत नाही. म्हणजे केवळ पिळदार दंड हवे असणाऱ्याने तक्त्याची फार चिंता करू नये.

भारतीय परंपरेत व्यायामाची मात्रा ऋतूशी बांधलेली होती. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने थंडीत आणि वसंतात, तेही बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने, अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा आणि एरवी त्याहून कमी, असे सांगितले आहे. कोल्हापूरच्या तालमीत भिंतीवर तक्ता नसतो, पण म्हणून तेथे आखणी नसते असे नाही. नव्या पोराने जोर किती मारायचे, हौदा कोणी उकरायचा, कोणाला कोणाशी लढवायचे हे वस्ताद रोज पाहून ठरवतो. चांगला वस्ताद हा कायली यांच्या आक्षेपाला उत्तरच आहे.

आखणी नसलेल्या मेहनतीचे महाराष्ट्रातले ठळक चित्र पोलीस भरतीच्या तयारीत दिसते. शारीरिक चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मुलांचे अंतर बॅनिस्टर यांच्या मैलापेक्षा जेमतेम नऊ मीटरने कमी. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर अनेक जण रोज हेच पूर्ण अंतर घड्याळ लावून जीव तोडून धावतात. म्हणजे रोज परीक्षाच द्यायची आणि अभ्यास कधीच करायचा नाही. वेळ काही सेकंदांनी सुधारून थांबते आणि नडगीचे दुखणे सुरू होते. यातली खरी अडचण मुलांच्या हाती नाही : आखणीला तारीख लागते आणि भरतीची तारीख पुढे पुढे सरकत राहते. अशा स्थितीत लिडियार्ड यांचा क्रम उपयोगी पडतो. तारीख जाहीर होईपर्यंत सावकाश लांब धावणे, आठवड्यातून एकदा-दोनदा ४०० मीटरच्या मोजक्या फेऱ्या आणि गोळाफेकीसाठी ताकदीचा व्यायाम. तारीख कळली की वेगाचा सराव वाढवावा आणि शेवटच्या सुमारे दोन आठवड्यांत वेग तोच ठेवून एकूण धावणे जवळपास निम्म्यावर आणावे.

कोणतीही स्पर्धा समोर नसलेल्या प्रौढासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पुरेशी आहे : आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा.

सवय नसताना एकाच दिवशी अतिरेकी व्यायाम केल्यास स्नायूपेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा व्यायामानंतर स्नायू असह्य दुखत असतील आणि लघवी गडद तपकिरी होत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठावे.