टोरांटोचा ‘व्हार्सिटी ग्रॅड्स’ संघ : १९२६–२८

कॅनडाच्या महाविद्यालयीन क्रीडेतिहासात टोरांटो विद्यापीठाच्या ‘व्हार्सिटी ग्रॅड्स’ या संघाचे नाव स्मरणात राहिले आहे, ते मुख्यतः १९२८ च्या सेंट मॉरिट्झ येथील हिवाळी ऑलिंपिकमुळे. तेथे बर्फावरील हॉकीत या संघाने स्वीडनचा ११–०, ब्रिटनचा १४–० आणि स्वित्झर्लंडचा १३–० असा पराभव केला. (त्याच वर्षी ॲम्स्टरडॅम येथे भारतीय संघानेही एकही गोल होऊ न देता सुवर्णपदक जिंकले. मराठी वाचकाच्या मनात ‘हॉकी’ या शब्दाने उभी राहते ती अर्थात हीच, हिरवळीवरची.) ३८ गोलांची ही आकडेवारी नेत्रदीपक खरी, परंतु तिच्यावरून संघाची पारख करणे धोक्याचे आहे. कॅनडाचे वर्चस्व इतके उघड होते, की संयोजकांनी त्याला प्राथमिक फेरी माफ करून थेट अंतिम फेरीत स्थान दिले. ज्या विजयाला प्रतिस्पर्धीच नव्हता, त्यातून विजेत्याविषयी फारसे काही कळत नाही. त्यासाठी १९२६–२७ च्या हंगामाकडे वळावे लागते.

स्टॅन्ली चषक धंदेवाईक संघांच्या हाती गेल्यावर माँटेग्यू ॲलन यांनी १९०८ मध्ये हौशी संघांसाठी निराळा चषक दिला. टोरांटो विद्यापीठाने तो १९२१ मध्ये जिंकला होता. पुढे १९२५ आणि १९२६ अशा लागोपाठ दोन वर्षी मात्र अंतिम लढतीत पोर्ट आर्थरकडून त्यास हार पत्करावी लागली. एरवी महाविद्यालयीन संघ पदवीबरोबरच विखुरतो. येथे तसे घडले नाही. शिक्षण संपलेले खेळाडू ‘ग्रॅड्स’ म्हणून एकत्र राहिले, आणि १९२७ मध्ये त्यांनी पोर्ट आर्थरच्या शेजारच्याच फोर्ट विल्यमला हरवून ॲलन चषक मिळविला. हा चषक जिंकणाऱ्या संघाने ऑलिंपिकला जावे, हा परिपाठ १९२० मध्ये विनिपेग फाल्कन्स आणि १९२४ मध्ये टोरांटो ग्रॅनाइट्स यांच्यामुळे रूढ झाला होता.

मग या संघास विद्यापीठाचा म्हणावे काय? नाव तसे सांगते. ‘व्हार्सिटी’ हे ‘युनिव्हर्सिटी’चेच शेपूट असून जुन्या इंग्रजी उच्चारातला ‘आ’ त्यात टिकून राहिला आहे. परंतु खेळणारे विद्यार्थी नव्हते, पदवीधर होते. विद्यापीठाशी त्यांचे नाते नावाचे, स्नेहाचे आणि एकत्र घेतलेल्या शिक्षणाचे होते. ‘हौशी’ या विशेषणाचीही हीच गत. संघाचा शिक्षक कॉन स्माइद हा त्याच विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा पदवीधर. १९२६ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स या धंदेवाईक संघाची उभारणी त्याच्याकडे सोपविण्यात आली होती, पण पहिला हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यास दूर करण्यात आले. तो टोरांटोस परतला, आणि ग्रॅड्सचा हंगाम चालू असतानाच, फेब्रुवारी १९२७ मध्ये, भागीदारांसह त्याने टोरांटो सेंट पॅट्रिक्स हा धंदेवाईक संघ विकत घेऊन त्यास ‘मेपल लीफ्स’ हे नाव दिले. हौशी अजिंक्यपदामागे असा पुरता व्यवसायी डोक्याचा माणूस उभा होता! हौशी आणि धंदेवाईक यांतील रेषा तत्कालीन नियमांत ठळक होती. व्यवहारात ती फारच पातळ होती, असेच म्हणावे लागते.

स्माइद सेंट मॉरिट्झला मात्र गेला नाही. त्याच्या विरोधास न जुमानता दोन खेळाडूंना संघात घेण्यात आले, म्हणून तो घरीच राहिला. ह्यू, हर्बर्ट आणि रॉजर हे तीन प्लॅक्स्टन, जोसेफ आणि फ्रँक हे सलिव्हन बंधू, अशी नावे यादीत पाहिली की संघाचे घरगुती स्वरूप ध्यानात येते, आणि असा तंटा का चिघळावा याचाही अंदाज येतो.

सेंट मॉरिट्झ येथे प्रत्येकी १२ गोल करणाऱ्या दोघांपैकी डेव्ह ट्रॉटियर त्याच वर्षी माँट्रियल मरून्स या धंदेवाईक संघात दाखल झाला. दुसरा, ह्यू प्लॅक्स्टन, पुढे अल्पकाळ त्याच संघातून खेळला आणि १९३५ मध्ये कॅनडाच्या संसदेवर निवडून आला. गोलरक्षक जोसेफ सलिव्हन वैद्यकीय व्यवसायात राहिला. १९५७ मध्ये त्याची सिनेटवर नेमणूक झाली.