आज काय केलंत?

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९३७. ब्रिटनमधल्या काही हौशी मंडळींनी त्या दिवशी एक अजब उद्योग केला. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आपण काय काय केलं ते सगळं लिहून काढलं आणि लंडनला पोस्टानं धाडून दिलं. त्या तारखेत विशेष असं काहीच नव्हतं. उलट असे साधे दिवसच हवे होते. पुढच्या महिन्यात १२ तारखेला परत तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

आठवडाभर ऑफिसात लॉग फाइल्स वाचायच्या आणि शनिवार-रविवारी इतिहासाची पुस्तकं चाळायची असं माझं चालतं. पण दोन्ही एकाच जागी सापडतील असं कधी वाटलं नव्हतं! सर्व्हर कसा इमानेइतबारे 'आत्ता हे केलं, आत्ता ते केलं' असं नोंदवत बसतो, तशी ही माणसं स्वतःच्याच लॉग फाइल्स लिहीत होती. फुकट. का बुवा?

गोष्ट सुरू होते डिसेंबर १९३६ मध्ये. राजा आठव्या एडवर्डला घटस्फोटित अमेरिकन बाईशी लग्न करायचं होतं, त्यापायी त्यानं गादी सोडली. सगळी वर्तमानपत्रं 'जनतेला काय वाटतं' ते छातीठोकपणे सांगू लागली. पण जनतेला कुणी विचारलं होतं? चार्ल्स मॅज नावाचा एक तरुण कवी पोटापाण्यासाठी 'डेली मिरर'मध्ये बातमीदारी करत होता, म्हणजे हा कारखाना आतून पाहत होता. त्यानं २ जानेवारी १९३७ च्या 'न्यू स्टेट्समन'मध्ये पत्र लिहिलं. मुद्दा असा, की दूरदेशीच्या जमातींचा अभ्यास करता तसा आता घरातल्या माणसांचा करा की!

योगायोग बघा. त्याच अंकात टॉम हॅरिसन नावाच्या माणसाची एक कविता होती. हा मूळचा पक्षीवेडा. १९३१ मध्ये त्यानं शेकडो स्वयंसेवक गोळा करून एका पाणपक्ष्याची देशभर शिरगणती केली होती. मग पॅसिफिकमधल्या न्यू हेब्रिडीज बेटांवर (आजचं वानुआतू) नरभक्षक म्हणून बदनाम असलेल्या लोकांत राहून आला. आता बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावात मुक्काम ठोकून तिथल्या माणसांकडे तो त्याच नजरेनं पाहत होता. हॅरिसननं मॅजचं पत्र वाचलं आणि दोघांची गाठ पडली. तिसरा भिडू हम्फ्री जेनिंग्ज, माहितीपट करणारा चित्रकार. ३० जानेवारीला तिघांच्या सह्यांचं पत्र छापून आलं आणि 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाच्या संस्थेची घोषणा झाली.

त्या पत्रात अभ्यासविषयांची एक यादी आहे. आमच्या एखाद्या क्लाएंटनं अशी रिक्वायरमेंट पाठवली असती तर आम्ही नोकरी सोडली असती. मोटारवाल्यांचे हातवारे आणि ओरडणं. दाढ्या, काखा आणि भुवया. न्हाणीघरातलं वागणं. चावट विनोद कुठून कुठे पसरतात. सुइणींचं खाजगी आयुष्य! वाचणाऱ्यांनी भरपूर टवाळी केली असणार. पण लोकांनी लिहायला सुरुवात केली.

१२ मे १९३७ ला नव्या राजाचा, सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. आधीचे साधे दिवस हवे होते ते याच्याशी ताडून पाहायला. दोनशेहून जास्त लोकांनी त्या दिवसाच्या नोंदी केल्या आणि त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं. नाव 'मे द ट्वेल्फ्थ'. राजाच्या मिरवणुकीची वर्णनं पेपरांत होतीच. इथे होती रस्त्यावरची भिजलेली गर्दी, रेडिओभोवती बसलेली घरं, आणि ज्यांना या सोहळ्याशी काही देणंघेणं नव्हतं त्यांचाही दिवस.

त्याच वर्षी संस्थेनं लोकांना आणखी एक काम दिलं. घरातल्या शेकोटीवरच्या फळीवर काय काय ठेवलंय त्याची यादी करा. बस, एवढंच. आपल्याकडे हॉलमध्ये काचेची शोकेस असायची ना, तसं समजा. त्यात ठेवलेली बाहुली, न वापरलेला टी-सेट, कुणाच्या तरी लग्नात मिळालेलं घड्याळ, मागे सरकवलेली लाइटची बिलं... आपल्या लहानपणच्या शोकेसची अशी यादी कुणी करून ठेवली असती तर आज किती मजा आली असती! पण कोण करणार? घरातल्यांना ती रोज दिसते, आणि पाहुण्याला विचारायचं सुचत नाही.

१९३९ च्या ऑगस्टअखेर युद्ध डोक्यावर आलं तसं संस्थेनं सांगितलं, आता एक दिवस नको, रोजचीच डायरी लिहा आणि पाठवत राहा. युद्धकाळात सुमारे ४८० लोकांनी अशा डायऱ्या पाठवल्या. त्यातलं आज सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे नेला लास्ट. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातली, पन्नाशीला टेकलेली गृहिणी. दोन मुलं मोठी झालेली, नवरा अबोल, तब्येत तोळामासा. तिनं लिहायला घेतलं ते युद्ध संपलं तरी थांबली नाही. १९६० च्या दशकापर्यंत लिहीतच राहिली! शब्द मोजाल तर कोटीच्या घरात जातात. रेशनवर काय मिळालं, त्यातून काय रांधलं, शिवणकाम, स्वयंसेवी केंद्रातल्या बायका, मुलाची काळजी. १९४१ च्या बॉम्बवर्षावात घराची पडझड झाली तेही त्याच ओघात. तिच्या युद्धकाळातल्या डायऱ्यांचं पुस्तक १९८१ मध्ये निघालं, २००६ मध्ये त्यावर व्हिक्टोरिया वुडनं टीव्हीसाठी चित्रपट केला. हे काही पाहायला नेला नव्हती. ती १९६८ मध्येच गेली.

आता हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून बघू.

मास ऑब्झर्व्हेशन सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी, १९३५ मध्ये, 'नर्सरी वर्ल्ड' या लहान मुलांच्या आयांसाठी असलेल्या मासिकात एका बाईचं पत्र छापून आलं. राहणार आयर्लंडमध्ये. जवळपास शेजार नाही, वाचनालय नाही, रेडिओ घ्यायला पैसे नाहीत. दिवसभर मुलं आणि घरकाम, आणि रात्री डोक्यात विचारांचं काहूर. मन गुंतेल आणि खर्च येणार नाही असं काही मला कुणी सुचवाल का, असं तिनं विचारलं होतं. खाली टोपणनाव 'युबिक्वी'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सर्वत्र'. एका जागी अडकून पडलेल्या बाईनं हे नाव घ्यावं!

उत्तरं आली ती तिच्यासारख्याच बायकांची. त्यातल्या बऱ्याच चांगल्या शिकलेल्या होत्या. पण तेव्हा ब्रिटनमध्ये शिक्षिका किंवा सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागायचा. हा नियम शाळांतून गेला १९४४ मध्ये आणि सरकारी कचेऱ्यांतून १९४६ मध्ये. म्हणजे डोकं चालणारं, पण त्याला काम नाही. या बायकांनी ठरवलं की आपणच आपलं मासिक काढू, आणि ते फक्त आपणच वाचू. नाव ठेवलं 'को-ऑपरेटिव्ह करस्पॉन्डन्स क्लब'.

पद्धत एकदम भारी होती. प्रत्येकीनं आपला मजकूर लिहून संपादिकेला पाठवायचा. तिचं टोपणनाव 'अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा', म्हणजे ताऱ्यांकडे. ती सगळे कागद एकत्र करून भरतकाम केलेल्या कापडी वेष्टनात बांधायची आणि यादीतल्या पहिलीला पोस्टानं पाठवायची. पहिलीनं वाचून दुसरीला, दुसरीनं तिसरीला. प्रत एकच! आणि खरी गंमत समासात. वाचता वाचता प्रत्येक जण कडेला आपलं मत लिहायची, मग पुढची त्या मतावर मत द्यायची. कुणी 'अ‍ॅसिडिया' म्हणजे आळस, कुणी 'कॉटन गुड्स', म्हणजे लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या मुलखातली. वेगवेगळ्या धर्मांच्या, वेगवेगळ्या राजकीय मतांच्या. विषय काय? बाळंतपणं, मुलांची आजारपणं, स्वयंपाक, नवऱ्याशी पटत नाही, युद्ध आलं, मुलं मोठी झाली, आता घर रिकामं. १९३५ ते १९९०. पंचावन्न वर्षं हे चाललं! पहिल्या अंकांत अंगावर पिणाऱ्या मुलांबद्दल लिहिणाऱ्या बाया शेवटच्या अंकांत म्हातारपणाबद्दल लिहीत होत्या.

आमच्या धंद्यात निरोप पाठवायच्या दोन तऱ्हा आहेत. यूडीपी म्हणजे पाठवून मोकळं व्हायचं. पोचलं की नाही, विचारायचं नाही. टीसीपी म्हणजे पलीकडून 'पोचलं' असं उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं नाही. नेला लास्ट यूडीपी होती, युबिक्वी टीसीपी. नेलाची डायरी कचेरीत जायची. तिच्यासारखेच डायरी लिहिणारे बाकीचे शेकडो लोक तिचं काही वाचत नव्हते, ती त्यांचं वाचत नव्हती. तरी तिनं कोटीभर शब्द लिहिले. पलीकडे कुणीतरी आहे, आणि त्याला माझ्या भाजीपाल्याची चौकशी आहे, एवढा भरवसा तिला पुरला. आपल्याकडेही बघा ना, विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीतून झाशी-ग्वाल्हेर पाहून आले, पण 'माझा प्रवास' लिहिलं १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला तेव्हा. कुणी विचारलंच नाही तर माणूस 'त्यात काय सांगायचं' म्हणून गप्प बसतो.

पण विचारणारा कोण आहे, यालाही महत्त्व आहे. १९४० मध्ये मास ऑब्झर्व्हेशन सरकारच्या माहिती खात्यासाठी काम करायला लागलं. जनतेचं मनोधैर्य कितपत टिकून आहे याचे अहवाल द्यायचे. मॅजला हे पटलं नाही आणि तो बाहेर पडला. पुढे १९४९ मध्ये संस्थेची रीतसर कंपनी झाली आणि काम मुख्यतः बाजारपेठेच्या पाहणीचं. म्हणजे पेपरवाले आणि सत्ताधारी जनतेच्या नावानं परस्पर बोलतात म्हणून लोकांना स्वतः बोलू द्यायला निघालेली संस्था बारा वर्षांत आधी सरकारकडे आणि मग दुकानदारांकडे पोचली. कुणी दुष्ट होतं म्हणून नव्हे. युद्ध होतं, पैसे हवे होते. डेटाबेसच्या धंद्यात दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा भाग दोनदा वाचावा. विश्वासानं दिलेली माहिती मालक बदलला तरी तीच राहते, फक्त तिचं काम बदलतं.

त्या बायकांच्या मासिकाला मालकच नव्हता. जी लिहायची तीच वाचायची. त्यामुळे विकायला काही उरलं नाही, आणि जगाला पत्ताही लागला नाही.

शेवट मात्र दोघांचा एकाच छताखाली झाला. हॅरिसननं जुने कागद ससेक्स विद्यापीठात आणले आणि १९७५ मध्ये तो संग्रह सगळ्यांसाठी खुला झाला. त्या मासिकाचे अंकही नंतर तिथेच आले. ते जेना बेली या अभ्यासक मुलीच्या हाती लागले आणि २००७ मध्ये तिनं त्यावर पुस्तक केलं, 'कॅन एनी मदर हेल्प मी?' आज हे सगळं ब्रायटनच्या 'द कीप' या अभिलेखागारात आहे. १९८१ मध्ये डेव्हिड पोकॉक यांनी लोकांकडून लिहून घ्यायचं काम पुन्हा सुरू केलं. हे पोकॉक म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातेत राहून पाटीदार समाजाचा अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ. १९८३ मध्ये त्या शेकोटीवरच्या फळीची यादीसुद्धा पुन्हा मागवली गेली! आणि २०१० पासून दर १२ मेला लोकांना त्या एका दिवसाची डायरी पाठवायचं आवाहन होतं. २०२० च्या लॉकडाऊनमधल्या १२ मेच्या तर हजारो डायऱ्या आल्या.

माझं एवढंच म्हणणं आहे. घडी मोडलेला दिवस सगळेच लिहून ठेवतात, साध्या दिवसाला कुणी वाली नसतो. तेव्हा एक माणूस शोधा. मित्र, बहीण, लांब राहणारी मावशी, कुणीही. आज काय केलंस, काय खाल्लंस, शोकेसमध्ये काय आहे, असं विचारा. आणि उत्तर आलं की समासात काहीतरी लिहून परत पाठवा. कारण युबिक्वीचं पंचावन्न वर्षं निभावलं ते त्या समासांवर.

असो. सोमवारी रिलीज आहे, आणि अजून बरंच टेस्टिंग बाकी आहे. तेव्हा इथेच थांबतो.