तलवारींचे खिळे आणि बुद्धाची मूर्ती

जपान म्हटले की आपल्या विहारात येणाऱ्या माणसाला आठवतो तो बौद्ध देश. भदंत सुरई ससाई हे जन्माने जपानी, त्यामुळे विदर्भात तर जपान हे नाव घरचेच झाले आहे. पण बाहेरच्या जगाला जपान म्हटले की दुसरीच वस्तू आठवते. ती म्हणजे सामुराईची तलवार. एका बाजूला धार असलेली, किंचित बाक असलेली. आपल्या पोरांनीही ती सिनेमात पाहिलेली असते.

आता प्रश्न असा पडतो, की तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यातला पहिलाच 'सत्थवणिज्जा', म्हणजे शस्त्रांचा व्यापार. आणि ज्या देशात गावोगाव बुद्धाची मंदिरे, त्याच देशात तलवार घडवण्याची कला एवढ्या उंचीला पोहोचली! इतकेच नाही, तर नारा शहराच्या परिसरात तोदाइजीसारख्या मोठमोठ्या मठांच्याच आश्रयाने लोहारांची घराणी वाढली. मठांचे स्वतःचे हत्यारबंद भिक्खू असत. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इतिहास वाचायचा तर सगळा वाचावा.

आधी ती तलवार होते कशी ते पाहू, कारण त्यातली मेहनत पाहून कोणत्याही कष्टकऱ्याने मान डोलवावी अशी ती आहे.

जपानात चांगल्या लोहखनिजाच्या खाणी थोड्या. तिथले जुने पोलाद निघाले ते नदीतल्या आणि डोंगरातल्या काळ्या लोहवाळूतून. मातीची लांबट भट्टी बांधायची, खाली कोळसा पेटवायचा, दोन्ही बाजूंनी भाते चालवायचे आणि थोडी लोहवाळू, थोडा कोळसा असे तीन दिवस तीन रात्री टाकत राहायचे. या भट्टीला तिकडे 'तातारा' म्हणतात. मुख्य कारागीर झोपत नाही. तो ज्वाळेचा रंग बघून आत काय चालले आहे ते ओळखतो. शेवटी भट्टी फोडतात. सुमारे दहा टन वाळूतून साधारण अडीच टनांचा गोळा निघतो, आणि त्यातले तलवारीच्या लायकीचे पोलाद एक टनाच्या आतबाहेर. त्या उत्तम पोलादाला 'तामाहागाने' असे नाव आहे.

पुढचे काम लोहाराचे. पोलादाचे तुकडे निवडून, रचून, तापवून घणाखाली एकजीव करायचे. मग पट्टी मधोमध दुमडायची, पुन्हा ठोकायची, पुन्हा दुमडायची. असे दहा-पंधरा वेळा. पंधरा घड्यांत बत्तीस हजारांवर थर होतात, हिशेब करून बघा. याने मळ निघून जातो आणि पोलाद सगळीकडे सारखे होते. नंतर आत मऊ लोखंड आणि बाहेर कठीण पोलाद अशी जोड देतात. नुसते कठीण असेल तर पाते तुटेल, नुसते मऊ असेल तर धार राहणार नाही.

आणि खरी कसोटी पाणी देताना. पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग अंधारात तापवून, लाली नेमकी ओळखून, एकदम पाण्यात. पातळ लेपाखालची धार झटकन निवते आणि अतिशय कठीण होते, जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. धारेचे पोलाद या वेळी फुगते, म्हणून पाते पाठीकडे वाकते. तो सुंदर बाक असा पाण्यात येतो! लेपाची जी कड असते तीच धारेलगत धुक्यासारख्या रेषेने उमटते. यात कित्येक पाती तडकतात. महिन्याची मेहनत एका क्षणात पाण्यात जाते.

त्यानंतर घासणारा वेगळा, म्यान करणारा वेगळा, मूठ बांधणारा वेगळा. मुठीत जाणाऱ्या भागावर लोहार आपले नाव कोरतो. तिथला गंज कोणी घासत नाही, कारण त्यावरून जाणकार तलवारीचे वय ओळखतात. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या लोहारांची नावे अशी आजही वाचता येतात. आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्याचे दगड फोडणाऱ्या हातांची नावे कुणाला माहीत आहेत?

आता मूळ गोष्टीकडे येतो. ही तलवार फक्त सामुराईची, हा समज खरा नाही. सोळाव्या शतकापर्यंत जपानात शेतकऱ्याच्या घरीही तलवार असे. कमरेला छोटी तलवार लावून माणूस बाजाराला जाई. आणि ती नुसती शोभेची नव्हती. कागा नावाच्या प्रांतात १४८८ साली शेतकरी, गावचे छोटे योद्धे आणि जोदो शिन् पंथाचे भिक्खू एक झाले आणि त्यांनी आपला सरदार तोगाशी मासाचिका याचा पराभव केला. अमिताभ बुद्धाचे नाव घेणाऱ्या या लोकांनी जवळजवळ शंभर वर्षे, १५८० पर्यंत, तो प्रांत आपल्या ताब्यात ठेवला. वरच्या वर्गाला याची केवढी धास्ती बसली असेल!

पुढे तोयोतोमी हिदेयोशी हा सत्ताधीश झाला. हा स्वतः साध्या शेतकरी घरातला, शिपाईगिरी करत वर चढलेला. त्याने १५८८ साली फर्मान काढले. कलमे तीनच. पहिले, शेतकऱ्यांनी तलवार, धनुष्य, भाला, बंदूक काही बाळगू नये. दुसरे, गोळा केलेल्या तलवारी वाया जाणार नाहीत. क्योतोमध्ये महाबुद्धाची मूर्ती आणि मंदिर उभे राहते आहे, त्याचे खिळे आणि आकडे यातून होतील, म्हणजे शेतकऱ्यांचे इहलोकी आणि परलोकीही कल्याण होईल. तिसरे, शेतकऱ्याने फक्त नांगर-कुदळ हाती घ्यावी, म्हणजे मुलानातवंडांपर्यंत सुख लाभेल.

वाचायला किती गोड वाटते! तलवार मोडून बुद्धाच्या घराला खिळा, याहून पुण्य ते कोणते? पण नाराच्या कोफुकुजी मठात एइशुन नावाचा एक भिक्खू रोजनिशी लिहीत असे. त्याने त्याच वर्षी लिहून ठेवले आहे, की वरून बुद्धाचे नाव असले तरी आतला हेतू शेतकऱ्यांचे उठाव बंद करण्याचा आहे. एक भिक्खूच हे ओळखतो, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच कागा प्रांतातल्या एनुमा या एका तालुक्याएवढ्या भागातून १,०७३ मोठ्या तलवारी आणि १,५४० छोट्या तलवारी जमा झाल्याची नोंद आहे. योगायोग म्हणा, कागाच्या उठावाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

अंगुलिमालानेही तलवार टाकली. पण ती भगवंतांचे बोलणे ऐकून, मन पालटून, स्वतःच्या हाताने टाकली. इथे तसे झाले नाही. शेतकऱ्याची काढून घेतली आणि सामुराईच्या कमरेला दोन-दोन ठेवल्या. ही अहिंसा नव्हे. पुढे १५९१ मध्ये सामुराईने शेतकरी होऊ नये, शेतकऱ्याने शेत सोडून दुसरा धंदा करू नये, असाही हुकूम निघाला. म्हणजे जन्माने धंदा ठरला. ज्या दाराने हिदेयोशी वर गेला, ते दार त्याने आपल्या मागे लावून घेतले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' ग्रंथात चातुर्वर्ण्याने शूद्रांना शस्त्र नाकारले म्हणून ते बंड करू शकले नाहीत, असे मांडले आहे. जपानचा हा कागद त्याच्याशेजारी ठेवून वाचावा.

आणि चामड्याचे काम करणारे? सामुराईच्या चिलखताला चामडे लागे, ते कमावणारे लोक अपवित्र ठरले. हिदेयोशीच्या जमीन-मोजणीच्या वह्यांत त्यांची 'कावाता' अशी वेगळी नोंद सापडते. लोहाराचे नाव तलवारीवर कोरले गेले, आणि चांभाराची वस्ती गावाबाहेर. १८७१ साली कायद्याने ही अस्पृश्यता रद्द झाली, तरी माणसांनी ती पाळलीच, म्हणून १९२२ साली क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना उभारली. आपल्याकडे महाडचा सत्याग्रह १९२७ चा.

सामुराईची तलवार गेली १८७६ मध्ये, सरकारी हुकमाने. लोहार बेकार झाले, कितीकांनी सुऱ्या आणि विळे घडवले. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकन सैन्याने तलवारी जप्त केल्या, तेव्हा कलेच्या तलवारी वाचवण्यासाठी १९४८ मध्ये एक संस्था निघाली. तिनेच १९७७ मध्ये शिमाने भागात तातारा भट्टी पुन्हा पेटवली.

राहिली ती बुद्धमूर्ती. ती लाकडाची होती, सुमारे १९ मीटर उंच. १५९५ च्या सुमारास पुरी झाली आणि १५९६ च्या भूकंपात मोडली. मंदिर उभे राहिले होते, पण १६०२ साली नवी धातूची मूर्ती ओतताना आग लागून तेही जळाले. क्योतोच्या होकोजी मठात आता त्या काळचे अजस्र दगडांचे कुंपण दिसते, आणि १६१४ साली ओतलेली एक प्रचंड घंटा.