लाल नाकाचं हरीण कुणाच्या मालकीचं?

डिसेंबरात शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर नुसतं भटकायलाही मजा येते. डोक्यावर दिव्यांच्या माळा, कानाला झोंबणारा वारा, आणि कोपऱ्यावर १८९७ पासूनचं 'मार्शल फील्ड'चं घड्याळ. दुकान २००६ मध्ये 'मेसीज' झालं, घड्याळ मात्र तेच!

मला तिथं हमखास आठवतो तो रॉबर्ट मे. शिकागोच्याच 'माँटगोमेरी वॉर्ड'चा कॉपीरायटर. नाताळच्या खरेदीला येणाऱ्या पोरांना फुकट वाटायला एक गोष्ट लिही, असं साहेबानं १९३९ मध्ये त्याला सांगितलं. त्याच वर्षी बायको कॅन्सरनं गेली, वर दवाखान्याचं कर्ज. तरी पठ्ठ्यानं 'रुडॉल्फ' पूर्ण केला. पहिल्याच नाताळात जवळपास २४ लाख प्रती वाटल्या गेल्या.

पण हक्क कंपनीचे! आपल्या कोडचं होतं तेच की. फरक एवढाच की १९४७ मध्ये कंपनीनं कॉपीराइट त्याला देऊन टाकला. १९४९ मध्ये त्याच्या मेहुण्यानं रुडॉल्फवर केलेलं गाणं तुफान गाजलं आणि मेचं नशीब फळफळलं.

वॉर्डची दुकानं २००१ मध्ये बंद झाली. रुडॉल्फ अजून धावतोय.

असो. उद्या सोमवार. आपलं ऑफर लेटर शेवटपर्यंत वाचलंय का कधी?