शुद्ध की मिश्र?

नातीचा नीटचा निकाल लागला आणि घरात वाद सुरू झाला. कर्ज काढून खासगी एमबीबीएस, की सरकारी बीएएमएस? आपल्या बऱ्हाणपुरात पंडित शिवनाथ शास्त्री शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे शेजारीपाजारी सगळेच तज्ज्ञ! मला मात्र १९६४ सालची आमची ओसरी आठवली.

दादा, माझा थोरला भाऊ, इंटर सायन्स झाला होता. मेडिकलला नंबर लागला नाही. आजोबा वैद्य, म्हणून आयुर्वेद ठरला. पण तेव्हा आयुर्वेदातही दोन वाटा होत्या. शुद्धमध्ये संस्कृत आणि संहिता. मिश्रमध्ये त्यांच्या जोडीला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, इंजेक्शन, सर्जरी. आजोबा म्हणाले, "दोन डगरींवर पाय ठेवशील तर मधल्यामधे तापीत पडशील." दादा म्हणाला, "आजोबा, टायफॉइडच्या पोराला काय संहिता वाचून दाखवू?" दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी चौदा वर्षांचा, मला दोघंही बरोबर वाटत होते.

हे भांडण खरं तर देशभर चाललं होतं, ते मला पुढे कळलं. १९४८ च्या चोप्रा समितीनं दोन्ही शास्त्रं एकत्र शिकवा असं सांगितलं. तशी कॉलेजं चालली, पण तिथल्या पोरांना आयुर्वेदापेक्षा एमबीबीएसच्या बरोबरीचा दर्जा हवा होता. त्यासाठी ठिकठिकाणी संप झाले. १९६० मध्ये मद्रासचं एकात्मिक कॉलेज सरळ किलपॉक मेडिकल कॉलेज झालं. बनारस हिंदू विद्यापीठातही त्याच साली तसंच घडलं. म्हणजे मिश्रण करायला गेले आणि आयुर्वेदच गाळणीतून निघून गेला! मग उलटी लाट आली. मोहनलाल व्यास समितीनं १९६३ मध्ये शुद्ध आयुर्वेदाचा अभ्यासक्रम पुढे केला. आजोबांना याची बातमी कुठून लागली कोण जाणे, पण त्यांचा जोर वाढला होता एवढं नक्की.

शेवटी दादा मिश्रलाच गेला, महाराष्ट्रात. परत येऊन दवाखाना टाकला. कपाटात वरच्या खणात आजोबांचे काढे-भस्मं, खालच्या खणात पेनिसिलीन. खालचा खण लवकर रिकामा व्हायचा. १९७० मध्ये केंद्रीय कायदा झाला, भारतीय चिकित्सा परिषद आली आणि हळूहळू देशभर एकच बीएएमएस झालं. त्यात शारीर, द्रव्यगुण, शल्य आहे आणि आधुनिक विषयांचीही ओळख आहे. शुद्ध-मिश्र या पाट्या उतरल्या. प्रश्न मात्र उतरला नाही.

१९९८ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा मुख्तियार चंद खटल्याचा निकाल आला. एकात्मिक पदवीवाल्यांनी ॲलोपॅथी किती वापरायची, तर त्यांच्या राज्याचा कायदा मुभा देईल तेवढीच. दादाचा वर्गमित्र रावेरला, आगगाडीनं अगदी जवळ. पदवी एक, मास्तर एक. पण त्याच्यामागे महाराष्ट्राचा आदेश होता, आणि दादाच्या हातात दाखवायला तसा कागद नव्हता. दादा तेव्हा बावन्न वर्षांचा. माझ्याकडे बँकेत आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "तुझ्या भाषेत सांग, माझी सही चालते की नाही?" मी बी.कॉम. माणूस, काय सांगणार? कर्जाच्या फॉर्मवर 'डॉक्टर' लिहिलं की आम्ही पुढचं विचारत नसू. त्या दिवाळीत खालचा खण त्यानं स्वतःच रिकामा केला. पेशंट कमी झाले. वहिनींनी तक्रार केली नाही, शिकवण्या वाढवल्या.

२०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर सर्जनांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, तेव्हा ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी बंद पाळला. दादानं पेपर वाचून घडी घातली, एवढंच.

काल नात त्याच्याकडे गेली होती. मला वाटलं आजोबांची ओसरी पुन्हा होणार. त्यानं तिला आधी दोन्हीकडची फी विचारली, मग म्हणाला, "ज्या राज्यात दवाखाना टाकायचा त्याचा नियम आधी वाच, मग फॉर्म भर." ती रात्री दोनपर्यंत मोबाइलवर नियमच वाचत बसली होती.