बालन्याय मंडळ, काउंटी (टेक्सस)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सस राज्यात बालगुन्हेगारीविषयक स्थानिक व्यवस्थेचे नियमन करणारे, मुख्यत्वे न्यायाधीशांचे बनलेले वैधानिक मंडळ. वयाच्या दहाव्या वर्षानंतर व सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी केलेल्या अपराधांची प्रकरणे सामान्यतः या व्यवस्थेखाली येतात. भारतातील बाल न्याय मंडळाशी त्याचे नामसाम्य असले, तरी दोहोंचे कार्य भिन्न आहे. भारतीय मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असून ते स्वतः प्रकरणांची चौकशी करते. टेक्ससमधील मंडळ काउंटीतील कोणत्या न्यायालयाने अशी प्रकरणे चालवावीत हे ठरविते व त्यासाठी लागणारी यंत्रणा उभारते.

मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय असावे, ही कल्पना इलिनॉय राज्याच्या १८९९ च्या कायद्याने शिकागो येथे प्रथम मूर्त स्वरूपात आली. टेक्ससमध्ये गेट्सव्हिल येथे मुलांचे सुधारगृह १८८९ मध्येच सुरू झाले होते. बाल न्यायालयाचा कायदा मात्र १९०७ मध्ये झाला. १९४३ च्या कायद्याने या प्रकरणांना फौजदारीऐवजी दिवाणी स्वरूप देण्यात आले. शासन मुलाला शिक्षा न करता त्याचे पालकत्व स्वीकारते, ही त्यामागील भूमिका होती. तथापि याच भूमिकेमुळे आरोपीला मिळणारी संरक्षणे मुलांच्या बाबतीत अनावश्यक मानली गेली. ॲरिझोना राज्यातील गॉल्ट प्रकरणात संघीय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आरोपाची पूर्वसूचना, वकिलाचे साहाय्य, साक्षीदारांची उलटतपासणी व स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क मुलांनाही लागू केला. टेक्ससच्या १९७३ च्या कुटुंब संहितेत नव्या कार्यपद्धतीचा समावेश झाला.

मंडळाची सर्वसाधारण रचना व कर्तव्ये मानव संसाधन संहितेच्या १५२ व्या प्रकरणात दिली आहेत. राज्यातील २५४ काउंट्यांपैकी अनेकींसाठी विधिमंडळाने स्वतंत्र तरतुदी केल्यामुळे मंडळांच्या रचनेत विविधता आढळते. सामान्यतः काउंटी न्यायाधीश, काउंटीतील जिल्हा न्यायाधीश व बाल न्यायालय म्हणून नियुक्त झालेल्या वैधानिक न्यायालयांचे न्यायाधीश हे सदस्य असतात. काउंटी न्यायाधीश हा काउंटीच्या आयुक्त मंडळाचा अध्यक्ष असतो व तो कायद्याचा पदवीधर असलाच पाहिजे असे नाही. हे सर्व न्यायाधीश सामान्यतः लोकनिर्वाचित असतात. लहान काउंट्यांना एकत्रितपणे कारभार करण्याची मुभा आहे.

परिवीक्षा विभाग स्थापणे, मुख्य परिवीक्षा अधिकारी नेमणे, धोरण आखणे व अर्थसंकल्प संमत करणे ही मंडळाची प्रमुख कर्तव्ये होत. काउंटीचा आर्थिक वाटा आयुक्त मंडळाकडून येतो व त्यास राज्याच्या अनुदानाची जोड मिळते. सुनावणीपूर्वी मुलांना ज्या बंदिस्त गृहांत ठेवले जाते, त्यांची वर्षातून किमान एकदा बाल न्यायालयाच्या न्यायाधीशाने व मंडळाच्या बहुसंख्य सदस्यांनी जातीने पाहणी करून ती योग्य असल्याचे लेखी प्रमाणित करावे लागते. मुलाला स्थानबद्ध करण्याचा आदेश देणाऱ्यानेच ती जागा स्वतः पाहिली पाहिजे, हे या तरतुदीचे मर्म होय.

स्थानिक मंडळांवरील जबाबदारी राज्यस्तरीय संस्थांच्या अपयशामुळे वाढत गेली. १९७१ मध्ये दाखल झालेल्या मोरालेस खटल्यात न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी १९७४ मध्ये राज्याच्या सुधारगृहांतील मारहाण व एकांतवास घटनाबाह्य ठरविला. गेट्सव्हिलची शाळा १९७९ मध्ये बंद झाली. १९८१ मध्ये काउंट्यांच्या परिवीक्षेला साहाय्य देण्यासाठी व तिची मानके ठरविण्यासाठी राज्य आयोग स्थापन झाला. राज्याच्या बंदिस्त संस्थांतील लैंगिक अत्याचार उघडकीस आल्यावर २००७ मध्ये कायदा होऊन किरकोळ अपराधांसाठी मुलांना तेथे पाठविणे बंद झाले. अशा मुलांचा भार काउंट्यांवर आला. २०११ मध्ये परिवीक्षा आयोग व युवक आयोग यांचे एका राज्य विभागात विलीनीकरण झाले.

न्यायदान व प्रशासन यांची अशी सांगड घातल्याने न्यायाधीशांना उपलब्ध सेवांची प्रत्यक्ष माहिती असते व निर्णय मुलाच्या घराजवळ होतो. याउलट, परिवीक्षा अधिकाऱ्याची नेमणूक करणाऱ्या मंडळावरील न्यायाधीशानेच त्याच्या अहवालाचे तटस्थपणे मूल्यमापन करावे, ही अपेक्षा कठीण ठरते. काउंट्यांच्या आर्थिक कुवतीतील तफावतीमुळे समान अपराधासाठी मुलांना मिळणाऱ्या सेवाही सारख्या नसतात. राज्याची मानके ही तफावत कमी करू शकतात. तथापि मुलाच्या स्वातंत्र्याचे रक्षण अखेर स्थानिक मंडळाच्या दक्षतेवरच अवलंबून राहते.